सरकारी आरोग्य विमा : कागदावरचा आणि खिडकीवरचा

(विहाराच्या वर्धापन दिनाच्या सभेत आरोग्य समितीच्या वतीने झालेल्या भाषणाचा मजकूर)



दरवर्षी वर्धापन दिनाला आपण विहाराच्या बांधकामाचा, धम्मवर्गाचा आणि अभ्यासिकेचा हिशेब मांडतो. यंदा समितीने आम्हाला सांगितले की दवाखान्याचाही हिशेब मांडा. सांगण्याला कारण आहे. गेल्या काही वर्षांत आपल्या वस्तीतल्या घरांनी कर्ज कशासाठी काढले असे विचारले, तर लग्नाच्या खालोखाल नाव येते ते दुखण्याचे. काही गल्ल्यांत तर लग्नाच्याही आधी. म्हणून आज आम्ही सरकारी आरोग्य विम्यावर बोलणार आहोत. विषय थोडा रुक्ष आहे, मधूनमधून आकडेही येतील. पण हे आकडे आपल्याच घरातले आहेत असे समजून ऐकावे, ही विनंती.

एका प्रसंगापासून सुरुवात करतो. नाव सांगत नाही, घर आपल्यापैकी बऱ्याच जणांना ठाऊक आहे. गेल्या पावसाळ्यात आपल्या एका काकांच्या छातीत दुखू लागले. मुलाने त्यांना रिक्षात घातले आणि जवळच्या खाजगी रुग्णालयात नेले. योजनेचा फलक दाराशीच लावलेला होता. मुलाने रेशन कार्ड आणि आधार कार्ड पुढे केले. खिडकीवरच्या माणसाने कार्ड उलटसुलट पाहिले आणि म्हणाला, "कार्ड बरोबर आहे हो, पण योजनेचे बेड फुल्ल आहेत. कॅशमध्ये घ्यायचं असेल तर आत्ता घेतो." रात्रीचे अकरा वाजले होते. बाप घामाने भिजलेला. पोरगा काय करणार? त्याने मित्रांकडून गोळा करून पन्नास हजार भरले, दुसऱ्या दिवशी आणखी भरले. आईच्या गळ्यातली पोत गहाण पडली. काका वाचले, आज समोरच बसले आहेत, याचा आपल्या सर्वांना आनंद आहे. पण चार दिवसांनी त्या माऊलीने विहाराच्या पायरीवर आम्हाला विचारले, "भाऊ, सरकार म्हणतंय फुकट हाय, दवाखाना म्हणतोय पैसे भर. खोटं कोण बोलतंय?"

त्या दिवशी आम्हाला नीट उत्तर देता आले नाही. खरे सांगायचे तर लाज वाटली. त्यानंतर आम्ही समितीतली मंडळी बसलो, शासनाचे निर्णय वाचले, जुनी कात्रणे काढली, चार जाणकारांना विचारले. आजचे भाषण म्हणजे त्या प्रश्नाचे उत्तर शोधण्याचा आमचा प्रयत्न आहे.

विमा आपल्याला नवा नाही

आरोग्य विमा ही गोष्ट आपल्या घरांना नवी नाही. ज्यांचे वडील, आजोबा गिरणीत किंवा कारखान्यात होते त्यांना ई. एस. आय.चे कार्ड आठवत असेल. त्या कार्डाचे मूळ कुठे आहे? १९४२ ते १९४६ या काळात बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर मंत्री होते. त्यांच्याच काळात, १९४३ साली, प्रा. बी. पी. आडारकर यांच्याकडे औद्योगिक कामगारांच्या आरोग्य विम्याची योजना तयार करण्याचे काम सोपवले गेले. १९४४ साली त्यांचा अहवाल आला. त्याच पायावर पुढे १९४८ साली कर्मचारी राज्य विमा कायदा झाला. २४ फेब्रुवारी १९५२ रोजी कानपूर आणि दिल्ली येथे योजना सुरू झाली, आणि १९५४ साली ती नागपूरच्या आणि मुंबईच्या कामगारापर्यंत पोचली.

त्या योजनेत दोन गोष्टी पक्क्या होत्या. पहिली, पैशाची वाट ठरलेली होती. कामगाराच्या पगारातून थोडे कापायचे, मालकाने त्याहून जास्त भरायचे, आणि तो पैसा आजारपणासाठीच ठेवायचा. दुसरी, दवाखाने आणि रुग्णालये योजनेसाठीच उभारायची. तिथे गर्दी असे, रांग असे, कधी कंपाउंडर खेकसत असे, हे सगळे खरे. पण "तुमच्या कार्डाचे बेड संपले, पैसे भरत असाल तर आहेत" असे मात्र तिथे कुणी म्हणत नव्हते.

दोष एकच मोठा होता. ते कार्ड नोकरीला बांधलेले होते. १९८२ च्या संपानंतर गिरण्या एकेक करून बंद पडत गेल्या, आणि नोकरीबरोबर कार्डही गेले. नंतरच्या पिढीत कुणी रिक्षा चालवतो, कुणी ठेकेदाराकडे साफसफाईला आहे, कुणी घरकाम करते, कुणी नाक्यावर उभा राहतो. यांतल्या बहुतेकांच्या हातात ते कार्ड कधी आलेच नाही. अशा कुटुंबांसाठी सरकारने स्वतःच्या तिजोरीतून पैसा भरून दुसरी वाट काढली.

ती वाट अशी. १९९७ साली राज्यात जीवनदायी आरोग्य योजना आली. दारिद्र्यरेषेखालच्या माणसाला हृदय, मूत्रपिंड, मेंदू अशा मोठ्या आजारांत मदत मिळावी हा तिचा हेतू. २ जुलै २०१२ रोजी राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना गडचिरोली, अमरावती, नांदेड, सोलापूर, धुळे, रायगड, मुंबई शहर आणि मुंबई उपनगर या आठ जिल्ह्यांत सुरू झाली. २१ नोव्हेंबर २०१३ पासून ती सगळ्या राज्यात लागू झाली. पिवळे, केशरी, अंत्योदय आणि अन्नपूर्णा कार्ड असलेल्या कुटुंबाला वर्षाला दीड लाखापर्यंत उपचार आणि यादीत ९७१ उपचार, असे तिचे स्वरूप होते. २०१७ साली तिला महात्मा जोतिबा फुले यांचे नाव दिले गेले. १ एप्रिल २०२० पासून ती केंद्राच्या आयुष्मान भारत योजनेशी जोडली गेली. कोरोनाच्या काळात, मे २०२० मध्ये, सरकारने ती राज्यातल्या सर्वांना खुली केली. २८ जुलै २०२३ च्या शासन निर्णयाने संरक्षण दीड लाखावरून पाच लाखांवर गेले, उपचारांची संख्या १३५६ झाली, मूत्रपिंड प्रत्यारोपणाची मर्यादा अडीच लाखांवरून साडेचार लाख झाली, आणि पांढऱ्या कार्डासह सगळी कुटुंबे योजनेत आली. १ जुलै २०२४ पासून या नव्या रूपात योजना राबवली जाऊ लागली.

आता आपण विचाराल, सगळे वाढतच गेले आहे, मग तक्रार कसली? माणसे वाढली, रक्कम वाढली, आजार वाढले. मग काकांची पोत का गहाण पडली? याचे उत्तर पैशाच्या हिशेबात आहे.

पैसा कोण भरतो आणि तो कुठे कमी पडतो

या योजनेत कुटुंबाला एक रुपयाही भरावा लागत नाही. हप्ता सरकार भरते. सुरुवातीला विमा कंपनीला दर कुटुंबामागे वर्षाला ३३३ रुपये दिले जात. २०२० साली तो हप्ता ७९७ रुपये झाला, आणि तोही दीड लाखापर्यंतच्या संरक्षणासाठी. केंद्राच्या यादीतल्या कुटुंबांना दीड लाखाच्या वर लागले तर तो भार राज्याच्या आरोग्य हमी सोसायटीने थेट उचलायचा होता. आम्ही साधे गणित करून पाहिले. दोन कोटी कुटुंबे धरली तर ७९७ रुपयांच्या दराने वर्षाला जवळपास सोळाशे कोटी होतात. केंद्र सरकार साठ टक्के वाटा देते, पण तो फक्त त्याच्या यादीतल्या सुमारे ८४ लाख कुटुंबांपुरता. बाकीच्या घरांचा भार एकट्या राज्यावर. आता पाच लाखांचे संरक्षण आणि सगळ्या कुटुंबांचा समावेश म्हटल्यावर तो भार कुठे गेला असेल याचा अंदाज आपणच करावा.

दुसऱ्या बाजूला तिजोरीकडे पाहा. १० मार्च २०२५ रोजी राज्याचा २०२५-२६ चा अर्थसंकल्प मांडला गेला. त्यात महसुली तूट ४५,८९१ कोटींची दाखवली होती, आणि राज्यावरचे कर्ज सव्वानऊ लाख कोटींच्या पुढे जाईल असा अंदाज होता. त्याच अर्थसंकल्पात लाडकी बहीण योजनेसाठी ३६,००० कोटी ठेवले होते. आपल्या वस्तीतल्या बहिणींना महिन्याचे जे पैसे मिळतात ते थांबवा असे आम्ही मुळीच म्हणत नाही. त्या पैशांवर कित्येक घरांत पोरांच्या वह्या येतात. पण मे २०२५ मध्ये त्या योजनेसाठी सामाजिक न्याय खात्याचे ४१० कोटी वळवले गेले, आणि खुद्द त्या खात्याच्या मंत्र्यांनी त्यावर उघड नाराजी व्यक्त केली, हे आपण वर्तमानपत्रात वाचले. यातून एक गोष्ट ध्यानात घ्यावी. पैसा कमी पडला की सरकार आधी तिथे हात घालते जिथे ओरडणारा आवाज लहान असतो.

चार ठिकाणी लागणारी कात्री

सरकार कुठलेही असो, कुठल्याही देशातले असो, आरोग्य विम्याचा पैसा कमी पडला की कात्री चार ठिकाणी लागू शकते.

पहिली कात्री माणसांना लागते. म्हणजे यादीतून नावे कमी करायची. अमेरिकेत गरिबांचा सरकारी आरोग्य विमा राज्य सरकारे चालवतात, त्यासाठी पैसा केंद्र आणि राज्य मिळून घालतात. तिथल्या टेनेसी राज्याने खर्च झेपेना म्हणून २००५ साली सुमारे १ लाख ७० हजार माणसांना विम्यातून वगळले.

दुसरी कात्री उपचारांना लागते. त्याच अमेरिकेतल्या ओरेगॉन राज्याने १९८७ साली अवयव बदलण्याच्या बहुतेक शस्त्रक्रियांचा खर्च देणे बंद केले. त्याच वर्षी सात वर्षांचे एक पोर, उपचारासाठी लोकांकडून वर्गणी गोळा होत असतानाच, गेले. केवढा गहजब झाला! पुढे १९९४ पासून त्या राज्याने आजार आणि उपचारांची एक लांबलचक क्रमवार यादी केली आणि पैसा पुरेल तिथे रेघ मारली. रेघेच्या वरचे मिळेल, खालचे मिळणार नाही. हे बरे की वाईट, यावर वाद होऊ शकतो. पण एक मानावे लागेल. ती रेघ चारचौघांत मारली होती. लोकांना ती दिसत होती, म्हणून तिच्यावर भांडता येत होते.

तिसरी कात्री दरांना लागते. एका शस्त्रक्रियेला रुग्णालयाला किती रक्कम द्यायची हे सरकार ठरवते, त्याला पॅकेज म्हणतात. औषधे महागतात, पगार वाढतात, पण पॅकेज तेच राहते किंवा नावापुरते वाढते. मग रुग्णालय योजनेचे रुग्ण घ्यायला नाखूश होते.

चौथी कात्री वेळेला लागते. बिल मंजूर होते, पण पैसे महिनोन् महिने निघत नाहीत. २०२२ साली पंजाब सरकारकडे सुमारे १६ कोटी थकले म्हणून चंदीगडच्या पी. जी. आय. या मोठ्या सरकारी संस्थेने पंजाबच्या योजनेतले रुग्ण घेणे काही दिवस थांबवले होते. ऑगस्ट २०२५ मध्ये हरियाणातल्या खाजगी रुग्णालयांनी थकबाकीसाठी आयुष्मानची सेवा बंद केली होती. दोन्ही ठिकाणी कुणाही माणसाचे नाव यादीतून कमी झाले नव्हते. कार्ड तेच, पाच लाखही तेच. फक्त दार बंद होते.

आता आपल्या राज्याकडे या. आपल्याकडे पहिली आणि दुसरी कात्री कागदावर कुणी लावली नाही. उलट माणसे वाढवली, उपचार वाढवले. मते मागायला तेच सोयीचे असते, मग पक्ष कोणताही असो. पण तिजोरी तेवढीच राहिली तर कात्री कुठेतरी लागणारच. ती तिसऱ्या आणि चौथ्या ठिकाणी लागते. दर परवडत नाहीत, बिले थकली, अशा रुग्णालयांच्या तक्रारी आपल्या राज्यातही वर्षानुवर्षे ऐकू येत आहेत. मोठी नामांकित खाजगी रुग्णालये तर बहुतेक योजनेच्या बाहेरच राहिली. जी आत आहेत त्यांतली काही काय करतात? योजनेचा फलक लावतात, पण बेड मोजून ठेवतात. कॅशचा रुग्ण आला की बेड असतो, कार्डाचा आला की नसतो.

म्हणून त्या माऊलीला आमचे उत्तर असे आहे. आई, सरकारने जे सांगितले ते कागदावर खरे आहे. दवाखान्याची अडचणही काही अंशी खरी असेल, सगळेच डॉक्टर लबाड असतात असे आम्ही म्हणत नाही. पण सरकारने जी कात्री विधानसभेत उघडपणे लावली नाही, ती रात्री अकरा वाजता खिडकीवर तुमच्या पोराच्या हातावर लागली. ती कुणाच्या नोंदीत नाही. सरकारच्या दप्तरात तुमचे घर "संरक्षित कुटुंब" असेच आहे.

विमा म्हणजे दवाखाना नव्हे

आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. कार्ड हातात आले की आपल्याला वाटते, आता सरकारी रुग्णालयाची गरज नाही. हा मोठा गैरसमज आहे.

ही योजना मुख्यत्वे भरती होऊन करायच्या मोठ्या उपचारांसाठी आहे. साखरेच्या आणि रक्तदाबाच्या रोजच्या गोळ्या, पोराचा ताप, म्हातारीचा दमा, रक्ताची साधी तपासणी, हे त्या कार्डावर होत नाही. आपल्या घरांचा पैसा दर महिन्याला जातो तो यातच. त्यासाठी महापालिकेचा दवाखाना आणि सरकारी रुग्णालयच लागते. १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत तपासणी आणि उपचार मोफत केले गेले, हे चांगलेच झाले. पण मोफत म्हणजे पुरेसे असे नाही. ऑक्टोबर २०२३ च्या सुरुवातीला नांदेडच्या शासकीय रुग्णालयात २४ तासांत २४ रुग्ण दगावल्याची बातमी आली. त्यांत १२ नवजात बाळे होती. औषधांचा तुटवडा होता की नव्हता यावर पुष्कळ वाद झाला. खाटांच्या मानाने रुग्ण फार होते, ही गोष्ट मात्र सगळ्यांना दिसली. त्या बाळांच्या आईबापांकडे कार्ड असते तरी त्याने काय झाले असते? कार्डाने डॉक्टर जन्माला येत नाही, नर्स नेमली जात नाही, खाट वाढत नाही.

केंद्राच्या २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणात असे म्हटले होते की राज्यांनी २०२० पर्यंत आपल्या अर्थसंकल्पाच्या आठ टक्क्यांहून अधिक रक्कम आरोग्यावर खर्च करावी. आपल्या राज्याने तो टप्पा गाठला नाही. म्हणजे ज्या थाळीत आधीच कमी वाढले आहे, तिच्यातूनच विम्याचा हप्ताही जातो आणि रुग्णालयाची औषधेही येतात. एक वाढवायला दुसरे कमी केले, तर गरिबाच्या हाती काय उरणार?

यातही एक चांगली गोष्ट आहे, ती फार थोड्यांना माहीत असते. सरकारी आणि महापालिकेची रुग्णालयेही या योजनेत आहेत. तिथे आपण योजनेखाली नाव नोंदवून उपचार घेतले तर त्या दाव्याचा पैसा त्या रुग्णालयाला मिळतो, आणि तो तिथल्या सोयींसाठी वापरता येतो. काही उपचार तर सरकारी रुग्णालयांसाठीच राखून ठेवलेले आहेत. तेव्हा सरकारी रुग्णालयात भरती झालात तरी "इथे फुकटच आहे, कार्ड कशाला" असे म्हणू नका. कार्ड दाखवा. त्यातून आपल्याच रुग्णालयाला चार पैसे मिळतात.

आपण काय करायचे

काकांच्या प्रकरणात आम्ही तक्रार केली होती. रुग्णालयाने उत्तर दिले की नातेवाइकांनी स्वखुशीने पैसे भरून भरती केले, योजनेची मागणीच केली नाही. आमच्याकडे पैसे भरल्याच्या पावत्या होत्या. बेड नाकारल्याचा कागद नव्हता. तक्रार तिथेच थांबली. मोठी शिकवण मिळाली, पण ती त्या घराला महाग पडली. ती वाया जाऊ नये म्हणून काही गोष्टी आज सांगतो.

एक. कागद आजारपणाच्या आधी तयार ठेवा. रेशन कार्डावरचे नाव आणि आधार कार्डावरचे नाव एकसारखे आहे का, ते आजच घरी जाऊन पाहा. सुनेचे नाव माहेरच्याच कार्डावर राहिले आहे, नव्या बाळाचे नाव चढलेलेच नाही, असे आपल्याकडे दर पाच-दहा घरांत सापडते. आयुष्मानचे कार्ड काढून घ्या.

दोन. रुग्णालयात गेल्यावर आधी आरोग्यमित्र कुठे बसतो ते विचारा. योजनेतल्या प्रत्येक रुग्णालयात तो असायला हवा. तातडीच्या वेळी दूरध्वनीवरून मान्यता घेण्याची सोयही योजनेत आहे. "आधी पैसे भरा, मग योजनेत बसवू" असे कुणी म्हणाले तर पैसे भरण्याआधी १५५३८८ या क्रमांकावर फोन लावा. १८०० २३३ २२०० हाही क्रमांक आहे. दोन्ही फुकट आहेत.

तीन. बेड नाही म्हणाले तर एकच वाक्य म्हणा, "साहेब, हे लेखी द्या." तारीख, वेळ आणि सही. लेखी दिले नाही, तर तिथेच उभे राहून फोनवर तक्रार नोंदवा आणि तिचा क्रमांक लिहून घ्या. आवाज चढवू नका, भांडू नका. खिडकीवरचा पोरगाही आपल्यासारख्याच घरातला, दहा-बारा हजारांवर राबणारा असतो. त्याला शिव्या देऊन काही मिळत नाही, कागद मागून मिळते. रुग्ण अत्यवस्थ असेल तर मात्र कागदासाठी थांबू नका. जीव पहिला. दुसऱ्याने फोन करावा, पहिल्याने रुग्णाजवळ राहावे. म्हणूनच एकट्याने दवाखान्यात जाऊ नका, असे आम्ही सारखे सांगतो.

चार. रुग्णालय धर्मादाय असेल, तर उच्च न्यायालयाच्या आदेशाने २००६ पासून तिथे दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि दहा टक्के खाटा दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवणे बंधनकारक आहे. योजना लागली नाही तर हे दार ठोठवा. उत्पन्नाचा दाखला जवळ ठेवा.

पाच. उपचार संपल्यावर प्रत्येक पावती जपून ठेवा. योजनेतल्या पॅकेजमध्ये खाट, तपासण्या, शस्त्रक्रिया, औषधे, जेवण आणि घरी परतण्याचे भाडे धरलेले असते. बाहेरून औषध आणायला लावले तर ती पावतीही ठेवा.

आणि सहावी गोष्ट आपण सगळ्यांनी मिळून करायची आहे. विहारात आजपासून एक नोंदवही ठेवली आहे. ती तिथे, पुस्तकांच्या कपाटाशेजारच्या टेबलावर आहे. कार्ड असून ज्याला नकार मिळाला, ज्याला पैसे भरावे लागले, त्याने तारीख, वेळ, आजार, रुग्णालयाचे उत्तर आणि भरलेली रक्कम तिच्यात लिहायची. लिहिता येत नसेल तर अभ्यासिकेतली पोरे लिहून देतील. घरातल्या आजाराचे नाव चारचौघांत यायला नको असेल तर नाव न घालता लिहा. वर्षाच्या शेवटी, अर्थसंकल्पी अधिवेशनाच्या आधी, या नोंदींचे निवेदन करून आपण आमदारांना आणि योजनेच्या जिल्हा समन्वयकांना देणार आहोत. एका घराची तक्रार असली की लोक तिला रडगाणे म्हणतात. पन्नास घरांची नोंद असली की तिच्यावर विधानसभेत प्रश्न विचारता येतो. ओरेगॉनच्या लोकांना रेघ दिसत होती. आपल्याला ती दिसत नाही, म्हणून ती आपणच वहीत ओढून दाखवायची.

ही वही उपयोगाची आहे का, असे कुणी विचारील. गेल्या दोन महिन्यांतलीच गोष्ट सांगतो. शेजारच्या चाळीतल्या एका वहिनींना पित्ताशयाच्या खड्यांसाठी शस्त्रक्रिया सांगितली होती. त्यांनाही तेच ऐकवले, "योजनेत बेड नाही, पुढच्या महिन्यात बघू." या वेळी आमचे दोघे सोबत होते. त्यांनी शांतपणे म्हटले, "ठीक आहे, तसं लिहून द्या." माणूस आत गेला, दहा मिनिटांनी बाहेर आला आणि म्हणाला, "परवा सकाळी उपाशीपोटी आणा." शस्त्रक्रिया झाली. वहिनी आज स्वयंपाकघरात खीर ढवळत आहेत. प्रत्येक वेळी असे होईल असे आम्ही सांगत नाही. जिथे बेड खरोखरच नसेल, तिथे कागदाने तो उगवणार नाही. त्यासाठी सरकारकडेच जावे लागेल. पण जिथे बेड लपवलेला आहे, तिथे कागदाने तो बाहेर निघतो.

शेवटी एक प्रसंग. भगवान बुद्ध आणि आनंद एकदा विहारात फिरत असताना त्यांना एक भिक्खू दिसला. पोटाच्या विकाराने आजारी, स्वतःच्याच घाणीत पडलेला. भगवंतांनी विचारले, तुझी काळजी घ्यायला कुणी नाही का? तो म्हणाला, मी दुसऱ्या भिक्खूंच्या काही उपयोगी पडत नाही, म्हणून तेही माझ्याकडे पाहत नाहीत. भगवंतांनी आणि आनंदाने स्वतः त्याला धुतले, उचलून खाटेवर ठेवले, आणि मग सगळ्या भिक्खूंना बोलावून सांगितले की तुम्हाला इथे आईबाप नाहीत, तुम्हीच एकमेकांची काळजी घेतली पाहिजे.

तिजोरीत पैसा कमी पडला की ज्याचा कुणाला उपयोग नाही, तो आधी बाजूला सारला जातो. त्या भिक्खूच्या बाबतीत जे घडले तेच खिडकीवर घडते. सरकारने पुरेसा पैसा द्यावा, रुग्णालयाचा पैसा वेळेवर द्यावा, सरकारी दवाखान्यात माणसे नेमावीत, हे आपण मागत राहू, कारण तो आपला हक्क आहे आणि ज्या बाबासाहेबांच्या काळात विम्याचे बीज पडले त्यांचे आपण लेकरे आहोत. पण मागणी मान्य होईपर्यंत आपल्या वस्तीतला एकही माणूस रात्री अकरा वाजता खिडकीवर एकटा उभा राहता कामा नये, एवढे तरी आपल्या हातात आहे.

काकांच्या घरची पोत अजून सुटलेली नाही. सभा संपल्यावर काकी वहीत पहिली नोंद लिहिणार आहेत. दुसरी कुणाकडे असेल तर त्यांनी तिथेच थांबावे.

जयभीम! जय भारत!